जुनी सायकल : रंग खरवडण्याआधी वय शोधा

जुन्या सायकलींबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "आजोबांची रॅले माळ्यावरून काढलीय, रंगाला कुठे देऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आत्ता कुठेच देऊ नका. आधी तिचं वय काढा. कारण वयाचे बहुतेक पुरावे त्या रंगाखाली, गंजाखाली आणि ग्रीसखालीच असतात. एकदा सँडब्लास्टिंग झालं की ते गेले, परत मिळत नाहीत.

तर सुरुवात फोटोंपासून. सायकल पुसायचीसुद्धा नाही, आधी चारही बाजूंनी फोटो काढायचे. सोनेरी रेघा, अर्धवट उरलेली अक्षरं, मडगार्डवरचे ठिपके, सगळ्याचे. मग रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं घ्या, पण ते फक्त उघड्या लोखंडावर फिरवा. अक्षरांवर अजिबात नाही, ती सहज निघून येतात.

आता हँडलखालचा बिल्ला बघा. रॅलेच्या बिल्ल्यावर बगळा असतो. खाली नॉटिंगहॅम, इंग्लंड लिहिलंय की सेन-रॅलेचं नाव आहे? सेन-रॅलेचा कारखाना स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये आसनसोलजवळ उभा राहिला. त्यामुळे बिल्ला सेन-रॅलेचा असेल आणि विकणारा "१९४२ ची आहे" म्हणत असेल, तर किंमत ठरवायच्या आधी जरा हसून घ्या.

मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर तुम्ही नशीबवान. त्याच्या कवचावर ए डब्ल्यू ही अक्षरं आणि जवळच आकडे ठोकलेले सापडतात. ५२ आणि ६ असेल, तर जून १९५२. ए डब्ल्यू हा प्रकारच मुळात १९३६ चा, त्याच्या आधीच्या सायकलवर तो दिसला तर नंतर बसवलेला समजायचा.

पण एक लक्षात ठेवा, हां. ही तारीख हबची आहे, सायकलची नाही. आपल्याकडे सायकल तीस-चाळीस वर्षं रोज चालायची. चाकं बदलली जायची, एका सायकलचा हब दुसरीला लागायचा. म्हणून मी एका पुराव्यावर कधीच थांबत नाही. पुढचा हब, मागचा हब, पायडलचं दातेरी चाक, सगळ्यांची झीज आणि गंज एकसारखा आहे का, ते बघतो. रॅलेच्या दातेरी चाकात बगळ्याची डोकी कोरलेली असतात. ती नसतील तर तो भाग बहुधा बदललेला आहे.

फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर किंवा पायडलच्या धुरीच्या नळकांड्याखाली सापडेल. तो जसाच्या तसा लिहून घ्या, पुढचं-मागचं अक्षरही सोडू नका. नुसत्या नंबरवरून वर्ष नक्की होईलच असं नाही, पण घरातल्या जुन्या ट्रंकेत खरेदीची पावती निघाली आणि तिच्यावर तोच नंबर असला, तर काम फत्ते!

आणखी एक आपल्याकडचा पुरावा. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि बिल्ला द्यायच्या. वर्ष कोरलेला असा बिल्ला फ्रेमला अजून लटकत असेल, तर त्या वर्षी ती सायकल रस्त्यावर होती असं धरायला हरकत नाही. म्हणजे बघा, मूळचा हब सांगतो "याच्या आधीची नाही", बिल्ला सांगतो "याच्या नंतरची नाही". या दोघांच्या मध्ये तुमची सायकल.

कधी नेमकं वर्ष मिळतं, कधी चार-पाच वर्षांचा टप्पा. टप्पा मिळाला तरी पुरे. ब्रेकचे रॉड, सीट, रेघांचा रंग कुठल्या काळातले शोधायचे, ते त्यावरून ठरतं. आणि कित्येकदा हे सगळं झाल्यावर लक्षात येतं की मूळ रंग सत्तर टक्के शाबूत आहे. मग ती रंगाला द्यायचीच कशाला? तेलपाणी करा, टायर बदला आणि चालवा.

तुमच्या सायकलवर कुठले आकडे सापडले ते कळवा. पुढच्या भागात गंजलेली कॉटर पिन न तोडता कशी काढायची ते बघू.