डाव्या अंगाचा शेक आणि काळीज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे डोळ्यांनी पाहिले आणि डॉक्टरांना विचारून घेतले, तेवढेच सांगते. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. कुणी माना खाली घालू नका.

2023 साली माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. स्तन राखून गाठ तेवढी काढली, सलाइनमधून औषधे झाली, आणि मग डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात. तिथे जाऊबाई अडून बसल्या. कुणीतरी त्यांच्या मनात भरवले होते की डाव्या अंगाला शेक घेतला की काळीज जळते. "गाठ गेली नं आता? मग काळीज कशाला भाजून घेऊ?" असे त्यांचे म्हणणे.

ही भीती अगदीच खुळी नव्हे. हृदय छातीत जरा डावीकडे, फासळ्यांच्या मागेच असते, आणि त्याला रक्त पुरवणारी एक मोठी वाहिनी त्याच्या पुढच्या अंगानेच खाली उतरते. जुन्या पद्धतीत किरणांचा काही भाग तिथे पडे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्वीडन व डेन्मार्कमधल्या 2,168 स्त्रियांची टिपणे तपासून 2013 साली निष्कर्ष छापला. या स्त्रियांचे उपचार 1958 ते 2001 या काळातले. किरणांचे माप ग्रे, जसे दुधाचे लिटर. हृदयाला सरासरी एक ग्रे पोचला की मोठ्या हृदयविकाराचा धोका सुमारे 7.4 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एरवी 100 जणींना झाला असता, तिथे 107 जणींना. हा धोका पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो आणि वीस वर्षांनंतरही राहतो.

पण दुसरे पारडेही पाहा. 2011 साली दहा हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. स्तन राखलेल्या शंभर जणींत शेक न घेतलेल्यांपैकी 35 जणींचा रोग दहा वर्षांत उलटला. घेतलेल्यांपैकी 19 जणींचा. तेव्हा शेक सोडायचा नाही, काळीज तेवढे बाजूला ठेवायचे. आता काळीज काही खुंटीवर काढून ठेवता येत नाही! तरी युक्ती आहे, आणि ती आपल्या श्वासातच आहे.

दीर्घ श्वास घेतला की फुप्फुसे फुगतात, पडदा खाली जातो आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे व खाली सरकते. तसा श्वास वीसएक सेकंद धरायचा, तेवढ्यात यंत्र किरण सोडते. श्वास सुटला की किरण बंद. पुन्हा श्वास, पुन्हा किरण. डोक्यावर हंडा चढवताना आपण दम धरतो, तसेच. फक्त इथे खांदे न उचलता, छाती भरून आणि दर वेळी सारखाच.

हे जाऊबाईंना पटले ते डॉक्टरीणबाईंनी संगणकावर दोन चित्रे दाखवली तेव्हा. एकात हृदय फासळ्यांना चिकटलेले, दुसऱ्यात मध्ये काळी फट. "एवढी जागा व्हती व्हय आत!" म्हणाल्या. मग संध्याकाळी मी भाकरी थापी आणि आकडे मोजी, त्या दम धरून पडत. पहिल्या दिवशी अकरावरच हसू फुटले. आठवड्याने पंचवीसपर्यंत गेल्या. हात डोक्यावर नेण्याचा व्यायामही करावा लागला, कारण यंत्राखाली तसेच निजावे लागते. छातीवर खुणेचे बारीक ठिपके गोंदले, तेव्हा म्हणाल्या, "हे तर आपलंच!" तीन आठवड्यांत पंधरा वेळा शेक घेऊन त्या घरी आल्या.

सगळ्यांनाच दम धरता येतो असे नाही. काहींना पालथे निजवून शेक देतात, कुठे यंत्रातल्या धातूच्या पट्ट्यांनी हृदयाकडची वाट बंद करतात. उजव्या बाजूच्या बहुतेकींना हे काही लागत नाही. मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 पासून आहे, आणि 2012 पासून संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय झाल्याने परभणीच्या माणसाला प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. पण जिथे जाल तिथे आधी विचारा: श्वास धरून शेक देण्याची सोय आहे काय? माझ्या हृदयाला किती ग्रे पोचतील? विचारायला लाजू नका. बाजारात पावशेर वांग्यांसाठी आपण किती घासाघीस करतो!

शेकाआधीची काही औषधेही हृदयाला जड असतात. त्यांतले एक लाल रंगाचे, ते सर्वांना लक्षात राहते. म्हणून हृदयाची इको तपासणी करतात, ती चुकवू नये. रक्तदाब आणि साखर ताब्यात हवी. आणि मिश्री. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींच्या कनवटीला डबी आहे ते मला ठाऊक आहे, नावे घेत नाही. तंबाखू हृदयाची वैरीण आहे, मग ती ओढलेली असो की दातांना घासलेली. जाऊबाईंची मिश्री सुटायला शेकापेक्षा जास्त दिवस लागले.

शेक संपल्यावर मिळालेला कागद जपून ठेवा. पंधरा वर्षांनी छातीत दुखले तर नव्या डॉक्टरला सांगावे लागते की डाव्या अंगाला शेक झाला आहे, किती ग्रे, कोणत्या साली. जाऊबाईंचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत, लुगड्यांच्या वर ठेवला आहे. खाली ठेवला तर उंदरांचे फावते. ज्यांना असे कागद वाचता येत नाहीत त्यांनी ते बुधवारी दुपारी मंडळात आणावेत. मराठी मी वाचून दाखवीन, इंग्रजीसाठी चिटणीसबाईंच्या सूनबाई येणार आहेत.