मोजमाप जुळलं, तरी आरसा चुकला

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



आपल्या गावाला एमआयडीसी आहे. त्यामुळे कॅलिब्रेशन, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन हे शब्द इथल्या पुष्कळांच्या रोजच्या कानावरचे. ऑडिट जवळ आलं की ते तिन्ही एका दमात उच्चारले जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच कामाची ही तीन भारदस्त नावं असावीत. माझं म्हणणं असं की हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलं की मोठमोठे प्रकल्प कोसळतात.

किराणा दुकानातला काटा घ्या. त्यावर प्रमाणित वजन ठेवायचं, काटा किती दाखवतो ते पाहायचं आणि फरक, त्यातल्या अनिश्चिततेसकट, लिहून ठेवायचा. हे कॅलिब्रेशन. काटा दुरुस्त करणं त्यात येत नाही. दुरुस्त केला, तर पुन्हा कॅलिब्रेशन करावं लागतं. ज्या वजनाशी तुलना केली, त्याचीही तुलना त्याहून अचूक वजनाशी झालेली असते आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. पुढे वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो. काट्याची चूक कायद्याने घातलेल्या मर्यादेत आहे का, एवढं पाहून शिक्का मारतो. ही पडताळणी, म्हणजे व्हेरिफिकेशन. आता हाच शिक्क्याचा काटा सराफाने अंगठी तोलायला घेतला तर? काटा खरा, शिक्का खरा, पण सोन्यासाठी त्याहून वरच्या अचूकता-वर्गाचा काटा लागतो. ज्या कामासाठी वस्तू घेतली त्या कामाला ती पुरते का, हा प्रश्न व्हॅलिडेशनचा.

व्याख्या इथवर पुरे. हे प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होतं, ते हबल दुर्बिणीने दाखवलं.

२४ एप्रिल १९९० रोजी हबल अवकाशात गेली. जूनअखेर नासाला जाहीर करावं लागलं की तिच्या २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाचा आकार चुकला आहे. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट होता. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग म्हणा. गंमत अशी की आरसा घासण्याच्या कामात हयगय मुळीच नव्हती. चुकीचा आकार अत्यंत काटेकोरपणे साधला होता.

झालं असं. अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर कंपनीत आरशाचा आकार तपासायला नल करेक्टर नावाचं प्रकाशीय उपकरण होतं. त्यातलं भिंग कुठे बसवायचं हे एका मापदांडीवरून ठरायचं. दांडीच्या टोकावरून प्रकाशकिरण परतायला हवा होता. प्रत्यक्षात तो टोकावर बसवलेल्या टोपीवरून परतला, कारण तिथला प्रकाश शोषणारा लेप उडाला होता. भिंग १.३ मिलिमीटरने सरकलं. ते नव्या जागी नीट बसेना, तेव्हा वॉशर घातले गेले, आणि काम पुढे चालू राहिलं.

पुढची प्रत्येक निर्णायक पडताळणी त्याच उपकरणाने झाली आणि प्रत्येक वेळी आरसा पास झाला. होणारच होता, त्या उपकरणाने जो आकार बरोबर ठरवला, तोच तर घासून काढला होता. म्हणजे व्हेरिफिकेशन निर्दोष आणि त्याच्या पायातलं कॅलिब्रेशन फसलेलं.

आणखी दोन उपकरणांनी आरशात दोष दाखवला होता. ती कमी अचूक आहेत म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. व्हर्नियर वापरणाऱ्यांनी इथे थांबावं. बारीक चूक पकडायला बारीक उपकरण लागतं हे खरं; पण ढोबळ चूक ढोबळ उपकरणही पकडतं. दोन साक्षी जुळत नसतील, तर ज्याची प्रतिष्ठा मोठी त्याचं खरं मानायचं की काम थांबवायचं? नोव्हेंबर १९९० च्या चौकशी अहवालाने नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवलं. संपूर्ण दुर्बिणीची एकत्रित प्रकाशीय चाचणी जमिनीवर झालीच नव्हती. ती झाली असती तर व्हॅलिडेशनच्या टप्प्यावर तरी दोष उघडा पडला असता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक प्रकाशयंत्रणा बसवली, तेव्हा हबलला नीट दिसू लागलं.

दुसरी घटना उलटी आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. चार क्लस्टर उपग्रह त्याबरोबर गेले. इथे मोजमाप खोटं नव्हतं. दिशादर्शक यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून उचललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त, त्यामुळे आलेला आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना. मुख्य यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर असल्याने ती आधीच बंद पडली होती. चौकशी मंडळाला आढळलं की एरियान ५ चा उड्डाणमार्ग त्या यंत्रणेच्या विनिर्देशात घातलाच नव्हता. कागदावरच्या अटी पाळल्या गेल्या. त्या अटी या रॉकेटच्या नव्हत्या. आणि सॉफ्टवेअरचा जो भाग गोत्यात आला, त्याचं काम उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतही नव्हतं.

असे घोटाळे टळतात कसे, ते औषधनिर्मितीत दिसतं. सलाईनची प्रत्येक बाटली निर्जंतुक आहे का हे फोडून पाहिलं, तर विकायला काही उरणार नाही. म्हणून तिथे प्रक्रियेचंच व्हॅलिडेशन करतात. निर्जंतुकीकरण यंत्रातले तापमापक आधी कॅलिब्रेट करायचे. मग जिथे उष्णता सर्वांत उशिरा पोचते त्या जागी उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंची बीजं ठेवायची आणि ती मरतात का पाहायचं. त्यानंतर प्रत्येक बॅचमध्ये ठरलेलं तापमान ठरलेला वेळ टिकलं का, याची पडताळणी. बाटलीचा आकार बदलला, माल भरण्याची रचना बदलली, की नव्याने व्हॅलिडेशन. एरियानच्या लोकांनी नेमकं हे शेवटचं केलं नाही.

म्हणून कारखान्यात एवढं करा. व्हर्नियरवर तारखेचा स्टिकर आहे म्हणून पार्ट बरोबर असं धरू नका. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे म्हणून गिऱ्हाईकाच्या गाडीत तो चालेलच, असंही समजू नका. पार्ट, माल किंवा वापर यांपैकी काहीही बदललं की जुना दाखला बाजूला ठेवून नव्याने विचारा. आणि दोन उपकरणं वेगळं सांगत असतील, तर लाइन थांबवणाऱ्या ऑपरेटरवर त्या दिवशी ओरडू नका. हबलच्या कारखान्यात असा थांबवणारा कुणी भेटला नाही, म्हणून ती चूक शोधायला दुर्बीण पृथ्वीबाहेर न्यावी लागली.