उंच रोपांना आधार कसा द्यावा?

पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडे गेलात, तर बांबू, तार आणि सुतळीवर उभे केलेले टोमॅटोचे प्लॉट दिसतील. फळ जमिनीला टेकत नाही, म्हणून सडत नाही. पानांत हवा खेळते, म्हणून करपा कमी पसरतो. हीच रीत परसबागेतही वापरा.

टोमॅटोला पाच-सहा फुटांची बांबूची काठी द्या. ती रोप लावतानाच फूटभर खोल रोवा. उशिरा रोवली तर मुळं दुखावतात. सुतळी आठच्या आकड्यासारखी, सैल बांधा. खोड जाडावत जातं आणि घट्ट गाठ त्यात रुतते.

वेलींची गरज वेगळी. कारल्याचे नाजूक ताणे जाड बांबू धरू शकत नाहीत, त्यांना तार किंवा जाळी हवी. वालाला ताणेच नसतात. तो स्वतः काठीभोवती वळसे घेत चढतो. दोडक्याला मांडव उत्तम, कारण लोंबती फळं सरळ वाढतात.

गच्चीवरच्या कुंडीत एकटी काठी वाऱ्याने हलते. तिथे तीन काठ्या रोवून शेंडे एकत्र बांधा. जुनी काठी आधी वाकवून पाहा. करकरली तर बदला. फळांनी लगडलेलं रोप तिच्याच भरवशावर उभं राहणार आहे.