आधी मोजणी, मग फवारणी



मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. कृषिशास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु जळगाव-धुळ्याच्या शिवारांतून हिंडताना एक गोष्ट मनाला सलते. पेरणीनंतर महिनाभराने हरभऱ्याचे शेंडे खुडतात. झाडाला फांद्या फुटतात आणि खुडणाऱ्या भगिनींच्या ओटीत त्या दिवसाची भाजी पडते. चार दिवसांपूर्वी त्याच शेतावर विष फवारलेले असेल, तर ती भाजी तिने मुलांच्या ताटात कोणत्या भरवशावर वाढावी?

घाटे अळीचे भय खरे आहे. एक अळी ३०-४० घाटे फस्त करते. म्हणून ‘काहीच फवारू नका’ असा उपदेश मी करणार नाही; शहरात बसून तो करणे फार सोपे! प्रश्न आहे तो केव्हा आणि काय फवारावे याचा. हा निर्णय पुष्कळदा शेतात होत नाही, औषधाच्या दुकानात होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

शास्त्र सांगते, आधी मोजा. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग २-३ दिवस प्रत्येकी ८-१० पतंग अडकले, किंवा मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या, की उपाय योजावा. प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क. अळ्या लहान असतानाच त्यांना रोगी करणारा एचएएनपीव्ही हा विषाणूही फवारता येतो, मात्र सायंकाळी, कारण उन्हात तो निकामी होतो. रोगी अळी शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. माणसाला वा पाखराला त्याची बाधा नाही. पाखरे तर आपली बिनपगारी राखणदार! शेतात पक्षिथांबे रोवले की कोतवाल, साळुंक्या त्यांवर बसून अळ्या टिपतात. एवढे करूनही अळ्या आवरल्या नाहीत, तरच शिफारशीतील रासायनिक औषध, तेही मोजून.

मर रोगाला फवारणीचा उपयोग नाही. तेथे राहुरी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय यांसारखे वाण आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रियाच कामी येते.

अडचण वेगळीच आहे. पतंग बांध ओळखत नाही. एकट्याने केले तर शेजारच्या शेतातून तो येणारच. शिवाय निंबोळ्या गळतात ज्येष्ठ-आषाढात आणि हरभऱ्याला त्या लागतात मार्गशीर्षात. १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी लागते. त्या वेळीच वेचून, सावलीत वाळवून ठेवल्या नाहीत, तर ऐन वेळी पुन्हा दुकानच गाठावे लागते. गावातील तरुणांनी येत्या आषाढात शिवारातील निंबांखाली पोती घेऊन जावे, एवढे मागण्यासाठी मी आज येथे उभा आहे.