पाकिटावरचे ग्रॅम, वहीतले मोल

नवी मुंबईत तुर्भ्याच्या आमच्या वस्तीत बचत गटाच्या बैठकीला मुलीही वह्या घेऊन येतात. नववीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा आला, की ग्रॅमचे मोल करताना अडतात. एक तर म्हणाली, दहावीनंतर सायन्स नकोच. तेव्हा आम्ही ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पुढ्यात ठेवलं.

आपल्याकडे मोल म्हणजे किंमत. इथे मात्र मोल ही मोजदाद आहे. पावशेर मोहरी आणि पावशेर वाटाणे, वजन एकच, पण दाणे सारखे असतील का? डझन म्हणजे बारा, तसं मोल म्हणजे सुमारे सहावर तेवीस शून्यं, इतके कण.

ग्लुकोजमध्ये कार्बनचे ६ अणू, हायड्रोजनचे १२, ऑक्सिजनचे ६. वजनं ७२, १२ आणि ९६, बेरीज १८०. म्हणजे १८० ग्रॅमचा एक मोल. पाकिटात आहे १३.५ ग्रॅम. भागा १८० नं: ०.०७५ मोल. मुली घाईत गुणाकार करतात. १८० पेक्षा कमी ग्रॅम आहेत, तर उत्तर एकाच्या आतच यायला हवं, एवढं बघितलं तरी चूक सापडते.

आता मीठ. २.६ भागिले ५८.५, म्हणजे ०.०४४ मोल सोडियम. सायट्रेट २.९ ग्रॅम, त्याचा मोल २९४ चा. म्हणजे जवळपास ०.०१. पण त्याच्या प्रत्येक कणात सोडियम तीन, म्हणून ०.०३. बेरीज करा, पुन्हा ०.०७५ च्या जवळ! ग्रॅम बघून हे कुणाला कळलं असतं? आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात, पाणी त्यांच्यामागून जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये हे प्रमाण ठरवलं. आधीच्या पाकिटात मीठ-साखर जास्त होती.

मग त्याच मुलीनं विचारलं, हे पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर? लिटरमागे मोल दुप्पट होतात. इतकं दाट पाणी आतड्यात उलट पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, बाळाला चमच्या-चमच्यानं पाजा.

पाकिटात पोटॅशिअम क्लोराइडही आहे, १.५ ग्रॅम. त्याचा मोल ७४.५ ग्रॅमचा. हे गणित आज रात्री तुमच्या लेकीला करू द्या.