एका बाईची दोन खाती
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



१९३९ साली ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकात वनस्पतींच्या श्वसनासंबंधी एक छोटा निबंध आला. लेखक हिल आणि भागवत. या भागवत म्हणजे दुर्गाबाईंच्या भगिनी कमलाबाई. त्याच वर्षी त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. १९४७ साली विवाह झाला. पुढे नीरा व कडधान्ये यांवरचे त्यांचे संशोधन ‘सोहोनी’ या नावाने ओळखले गेले.

निबंधाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, यावर आज संशोधकाचे वजन ठरते. पण मोजणारी यादी नाव पाहते, माणूस नव्हे. मग एकाच बाईच्या कष्टांची दोन खाती पडतात.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या मुलीही आज संशोधन करतात. सुनेने माहेरच्या नावाने निबंध छापला, तर रागावू नका. तो सासरचा अपमान नव्हे. तिच्या कामाचा चोख हिशेब आहे.