रद्दीतून वाचलेलं

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "मावशी, लायब्ररीबद्दल बोला. पंधरा मिनिटं. नंतर अंताक्षरी आहे." म्हणजे कुठे थांबायचं ते आधीच ठरलंय. ग्रंथालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली. "तुमचं बरं आहे, दिवसभर वाचत बसायचं," हे तेव्हापासून ऐकतेय. वाचायला वेळ मिळाला तो रिटायर झाल्यावर. त्याआधी दाखल नोंदवही, वाळवी, आणि पुस्तकं परत न करणाऱ्यांना पाठवायची पत्रं. त्यातल्या काही पत्रांचे मानकरी आज समोर बसलेत. नावं घेत नाही.

आपण ठाणेकर तलावांचं कौतुक करतो, पहिल्या रेल्वेचं करतो. पण १ जून १८९३ रोजी आपल्या या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, हे किती जणांना माहीत आहे? सुरू करणाऱ्यांत पुढे होते विनायक लक्ष्मण भावे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे ते हेच. तेव्हा त्यांचं वय किती? एकवीस. आपल्या सी-विंगमधली पोरं त्या वयात गाडी पुसायला सांगितली तरी तोंड वाकडं करतात. मराठी पुस्तकं एका जागी गोळा व्हावीत, टिकावीत, लोकांना वाचायला मिळावीत, एवढी साधी कल्पना. पुढे पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईलाही मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं.

मग शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच दिवशी तो जाडजूड ग्रंथ माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा माणूस एकेक पुस्तक हुडकत बसला म्हणून आपण खुर्चीत बसून उत्तरं देऊ शकतो." पुस्तकं कुणीतरी ठेवली होती, म्हणूनच त्यांना ती हुडकता आली, हे बाईंनी सांगितलं नाही. ते माझं मला कळायला बरीच वर्षं गेली.

आमच्याकडे कार्यक्रम पुष्कळ व्हायचे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिन, उन्हाळ्यात मुलांसाठी गोष्टींचा तास, दिवाळीनंतर अंकांचं प्रदर्शन. दिवाळी अंकांच्या योजनेला तर झुंबड. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा या गोष्टीसाठी माणसं रांगेत भांडतील असं का. र. मित्रांना वाटलं नसेल. कार्यक्रम झाला की खुर्च्या आवरायच्या, हार निर्माल्यात, पाहुण्यांना रिक्षा. मी एक करायचे, त्या दिवशीची निमंत्रणपत्रिका एका फाइलीत लावून ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. उगाच, सवय म्हणून. शिपाई हसायचा. पण नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत जिची सगळ्यात जास्त विचारणा झाली ती हीच फाइल. कुणाच्या आजोबांचं व्याख्यान कधी झालं, कुठली संस्था तेव्हा कुठल्या वाड्यात होती, कुणाचा फोन नंबर पाच आकडी होता. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रती असतात. त्या पत्रिकेची दुसरी प्रत कुठेच नसते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतून कागद मिळवायचे आणि त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचे २२ खंड उभे राहिले, हे तुम्ही शाळेत ऐकलं असेल. लोक म्हणतात, ठीक आहे हो, ते पेशव्यांचे कागद. आमच्या घरी काय, लाइटची बिलं!

आमच्या घरी काय होतं ते सांगते. आमचे सासरे भांडुपकडच्या मिठागरावर कारकून होते. रोज रात्री ते वहीत लिहायचे. किती माणसं कामावर आली, बाया किती, मजुरी काय दिली, मीठ किती निघालं, उधाणात बांध कुठे फुटला. मधूनच घरचंही, 'धाकट्यास ताप'. अशा अकरा वह्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या या सोसायटीत राहायला येताना सामान कमी करायचं म्हणून मी त्या रद्दीत दिल्या. मी दिल्या, दुसऱ्या कुणी नाही. बावीस रुपये आले. त्यांत सामान चढवणाऱ्या माणसांसाठी वडे आणले. सासरे तेव्हा हयात नव्हते. नवरा काही बोलला नाही, त्याला वाटलं मला त्यातलं कळतं.

पुढे काही वर्षांनी एक मुलगी ग्रंथालयात आली. मिठागरांवर काम करणाऱ्या बायकांवर तिला प्रबंध लिहायचा होता. मी तिला १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढून दिलं. मिठाची माहिती त्यात आहे, सरकारच्या नजरेतून. ती वाचून म्हणाली, "मॅडम, यात एका तरी दिवसाचा हिशोब मिळेल का? त्या दिवशी बाया किती होत्या, त्यांना काय मिळालं?" मी म्हटलं, नाही मिळणार. अकरा वह्यांचं तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा एवढ्या लोकांत सांगतेय.

असो. आता आपल्या सोसायटीकडे येते.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे तळमजल्यावरच्या ऑफिसात कमरेएवढं पाणी होतं. कमिटीची निम्मी माणसं मुंबईत अडकलेली. ऑफिसची एक किल्ली तेव्हाच्या वॉचमनकडे असायची, ज्यांना आपण सगळे मामा म्हणायचो. त्यांनी कपाट उघडून खालच्या कप्प्यातलं हाताला लागलं ते उचललं आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेऊन ठेवलं. 'आय' रजिस्टर, म्हणजे सभासदांची नोंदवही, पहिली इतिवृत्ताची वही आणि शेअर सर्टिफिकेटची स्थळप्रतींची पुस्तकं. दुसऱ्या खेपेला पाणी वाढलं होतं. व्हाउचरच्या आणि पगारपत्रकांच्या फाइली राहिल्या, त्यांचा लगदा झाला.

वाचलेल्या वह्याही भिजल्या होत्याच. त्या माझ्या हॉलमध्ये आठ दिवस होत्या. तेव्हा चहाला आलेल्यांना आठवत असेल, बसायला जागा नव्हती. भिजलेली वही उन्हात टाकायची नाही, पानं आक्रसतात, चिकटतात. थोड्याथोड्या पानांमध्ये कोरे टिपकागद घालायचे, वही उभी पसरून पंख्याच्या वाऱ्याला ठेवायची आणि कागद दमट झाले की बदलायचे. शाई थोडी फुटली, पण सगळं वाचता येतं. पुढे कन्व्हेयन्सच्या वेळी वकिलांपुढे हेच 'आय' रजिस्टर ठेवलं. फुगलेली पानं बघून ते म्हणाले, "हे काय, समुद्रातून काढलं का?" जवळजवळ तसंच.

आता मूळ मुद्दा. स्मरणिकेसाठी गेल्या महिन्यात जुने फोटो मागवले. क्लब हाउसमध्ये टेबलावर मांडले आणि सगळ्यांना बोलावलं, ओळखा म्हणून. फार मजा आली. कुणाचे केस होते, कुणाची मिशी होती. त्यात पहिल्या झेंडावंदनाचा एक फोटो आहे. चौदा माणसं. तेरा जण दहा मिनिटांत ओळखले. चौदावे मामा. झेंड्याची दोरी त्यांच्याच हातात आहे. मी पेन्सिल घेऊन मागे नावं लिहीत होते. विचारलं, मामांचं नाव काय?

कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणालं खेडचे, कुणी म्हणालं महाडचे. सात-आठ वर्षं ते आपल्या गेटवर होते, आपली मुलं त्यांच्या स्टुलावर बसून स्कूलबसची वाट बघायची. मी घरी जाऊन इतिवृत्ताची वही काढली, तीच, त्यांनी वर नेऊन ठेवलेली. त्यांचा उल्लेख दोनदा सापडला. 'वॉचमनच्या पगारात रु. २०० वाढ मंजूर.' आणि 'वॉचमनला रेनकोट देणे.' नाव असणार ते पगारपत्रकात. ती फाइल पाण्यात गेली.

म्हणून मला तुमच्याकडून कागद हवे आहेत. कमिटीने ऑफिसात एक कपाट दिलंय, वरच्या दोन कप्प्यांसह, खालचा कप्पा आपण वापरायचा नाही असं ठरवलंय. जुनी सर्क्युलरं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, हळदीकुंकवाची आमंत्रणं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, मुलांनी काढलेलं ते हस्तलिखित, पाण्याच्या टँकरवरून झालेली भांडणाची पत्रं सुद्धा. भांडणाची आधी द्या! देताना कृपा करून लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की ते काढता येत नाही. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळा डाग पडतो. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा, गंजतात. गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या उडून कोऱ्या होतात, त्यांची झेरॉक्स काढून द्या. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, जागा, साल लिहा, बॉलपेनने नको. फोटो मोबाइलमध्ये असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, बारीक होऊन येतो, पेनड्राइव्ह घेऊन या. मूळ कागद द्यायचा नसेल तर देऊ नका, मी तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देईन.

दर रविवारी दहा ते बारा मी ऑफिसात बसते. बी-विंगमधल्या आजींनी काल सांगितलं की त्यांच्याकडे मामांनी गावाहून पाठवलेलं एक पोस्टकार्ड कुठेतरी आहे, बहुतेक देवघराच्या ड्रॉवरमध्ये. आजी, उद्या सकाळी येऊ का? सून घरी असताना येते, ड्रॉवर जड आहे म्हणालात.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. अंताक्षरी सुरू करा.